वाढलेला पैसा नांदूरघाटला का पोचत नाही?

आरोग्याचा निधी वाढला, असे दरवर्षी अर्थसंकल्पात सांगितले जाते. किती वाढला ते छापून येते, कसा वाटला ते येत नाही. बाबासाहेबांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे. सरकारी पैसा केंद्र आणि प्रांत यांच्यात कसा वाटला गेला, याचीच ती चिकित्सा आहे. आम्ही त्यांची जयंती धूमधडाक्यात करतो, अर्थसंकल्पाचे पुस्तक मात्र उघडत नाही.

केज तालुक्यातील नांदूरघाटच्या वस्तीत बसले की हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, बहुतेकींची खासगी दवाखान्यांत. उचल घेऊन फडावर जाणाऱ्या बाईला गावाजवळ वेळेवर तपासणी मिळाली असती, तर इतक्या जणींवर ही पाळी आली असती काय?

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले. उपकेंद्राला स्वतः ठरवून खर्च करण्यासाठी वर्षाला १०,००० रुपये मिळू लागले. उपकेंद्र पाच हजार लोकसंख्येचे. म्हणजे माणशी दोन रुपये! पुढे ही रक्कम वाढली. पण बाकीचा पैसा शीर्षनिहाय बांधून येतो, एका शीर्षाचा दुसरीकडे सहजासहजी वळवता येत नाही. त्यात खरी मेख अशी की, जिथे डॉक्टर, इमारत, यंत्रे आहेत तिथे निधी खर्ची पडतो आणि खर्च दिसला म्हणून पुढच्या वर्षी तिथेच वाढ मिळते. जिथे पदच रिकामे, तिथे पगाराचा खर्च नाही, औषधांचा उठाव नाही. मग कागद म्हणतो, इथे गरज नाही. उपेक्षाच उपेक्षेचा पुरावा बनते.

महात्मा फुल्यांच्या नावाच्या योजनेत पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. चांगलेच आहे. पण तो पैसा रुग्ण मोठ्या रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. आजार वाढू नये म्हणून उपकेंद्रात बसणाऱ्या परिचारिकेसाठी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेच दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक खर्च प्राथमिक सेवेवर व्हावा, असे म्हटले आहे.

पैसा नाही, ही सबब कायद्यात टिकत नाही. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले की, निधीअभावी तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे. तो रुग्ण शेतमजुरांच्याच संघटनेचा होता.

तेव्हा नांदूरघाटच्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागाव्यात: गेल्या पाच वर्षांत प्रत्येक उपकेंद्राला मिळालेली व खर्च झालेली रक्कम, रिकाम्या पदांची यादी, आणि अनुसूचित जाती उपयोजनेतून आरोग्यावर वस्तीनिहाय झालेला खर्च. अर्ज लिहून द्यायला आम्ही आहोत.