सचिनचं कोपर आणि आईचं कोपर

दोस्तांनो, एक कोडं सोडवा पाहू. असं कोणतं दुखणं आहे, ज्याच्या नावात एक खेळ आहे, पण ज्यांना ते होतं त्यांतल्या बहुतेकांनी तो खेळ जन्मात खेळलेला नसतो?

हरलात? उत्तर आहे, टेनिस एल्बो. म्हणजे टेनिस खेळणाऱ्यांचं कोपर. हे कोपर धुणं पिळणाऱ्या काकूंना होतं, करवत चालवणाऱ्या सुतारकाकांना होतं, रंगाऱ्याला होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ताडोबाच्या जंगलात वाघ पाहायला जाणारी मंडळी या गावाच्या फाटकातून आत शिरतात. जिप्सीतल्या पाहुण्यांचं सगळं लक्ष वाघाच्या पंजाकडे असतं. आज आपण मात्र त्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या माणसांच्या पंजाकडे, म्हणजे हातांकडे बघणार आहोत. आणि वाटेत आपल्याला भेटणार आहे साक्षात सचिन तेंडुलकर!

दुखतं नेमकं कुठे?

आधी एक प्रयोग करा. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा. डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याच्या जरा खाली ठेवा. आता उजव्या हाताचा पंजा मनगटातून वर उचला. बोटांखाली काहीतरी घट्ट झालं ना? तो तुमचा स्नायू. पंजा उचलला मनगटाने, पण दोर ओढला गेला पार कोपरापाशी!

स्नायू हाडाला बांधलेला असतो तो पांढऱ्या, चिवट दोरीने. तिला म्हणतात कंडरा. हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी हलवा, पंजाच्या पाठीवर ज्या दोऱ्या सरकताना दिसतात, त्या कंडराच. कोपराजवळच्या या दोरीला तेच ते काम हजारो वेळा करावं लागलं, की तिचे बारीक बारीक धागे झिजतात. मग कप उचलताना, किल्ली फिरवताना, पिशवी धरताना कळ येते. आपल्याकडे लोक म्हणतात, “शीर चढली” किंवा “नस दबली.” खरं तर बिचाऱ्या शिरेचा यात काही दोष नसतो!

आणखी एक गंमत. स्नायू लाल असतो, कारण त्यात भरपूर रक्त खेळतं. कंडरा पांढरी असते, कारण तिच्याकडे रक्त फार थोडं पोचतं. दुरुस्तीचं सामान रक्तातूनच यायचं असतं ना? म्हणून खरचटलेला गुडघा आठवड्यात बरा होतो, पण दुखावलेली कंडरा कित्येक महिने घेते. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं आपोआप कळेल.

टेनिसच्या आधी होता टाक

हे दुखणं नवं नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या डॉक्टरांनी १७०० साली कामकरी माणसांच्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत दिवसभर टाकाने लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातांची हकिगत आहे. एका लेखनिकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. तो जिद्दीने डाव्या हाताने लिहायला शिकला. आणि काही दिवसांनी डावा हातही तसाच झाला! हात बदलला, पण कामाची रीत बदलली नाही, त्याचा हा परिणाम.

पुढे १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी कोपराच्या या दुखण्याची नोंद केली, तीही लिहिणाऱ्यांच्या संदर्भात. त्यानंतर इंग्लंडमध्ये लॉन टेनिसची लाट आली, आणि १८८३ पर्यंत या दुखण्याला टेनिसचं नाव चिकटलं. कारकून राहिले बाजूला, खेळाडूंचं नाव झालं!

नागपूरचे दोन सामने

महाराष्ट्रात घराघरात हे नाव पोचलं ते २००४ साली. ऑगस्टमध्ये भारतीय संघ हॉलंडमध्ये असताना सचिनचं डावं कोपर दुखायला लागलं. तुम्ही म्हणाल, सचिन तर उजव्या हाताने फलंदाजी करायचा, मग डावं कसं? बॅट धरून बघा. उजव्या फलंदाजाचा डावा हात वर असतो, आणि बॅटची दिशा तोच सांभाळतो. त्यातून सचिनची बॅट होती चांगलीच वजनदार.

इंग्लंडमधली चॅम्पियन्स ट्रॉफी त्याला खेळता आली नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटीही हुकल्या. ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या तिसऱ्या कसोटीत तो मैदानात उतरला. धावा केल्या ८ आणि २. भारत सामना हरला, मालिकाही हरला. डिसेंबरमध्ये ढाक्याला त्याने नाबाद २४८ धावा ठोकल्या आणि सुनील गावसकरांच्या ३४ कसोटी शतकांशी बरोबरी केली. सगळ्यांना वाटलं, संपलं दुखणं! पण कंडरेचं दुखणं असंच फसवं असतं. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा डोकं वर काढतं. शेवटी मे २००५ मध्ये लंडनला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली.

त्यानंतरचे दिवस कसे होते, ते सचिनने पुढे स्वतःच सांगितलं आहे. त्याला अर्जुनची, म्हणजे आपल्या छोट्या मुलाची, प्लॅस्टिकची बॅटसुद्धा उचलवत नव्हती. पुन्हा फलंदाजी करायला गेला, तेव्हा त्याने जीव खाऊन मारलेला चेंडू दहा-बारा वर्षांची पोरं जवळच अडवत होती. आपण आता कधी खेळू शकणार नाही, असं त्याला वाटून गेलं. विचार करा, जगातला सर्वांत मोठा फलंदाज आणि हे मन!

पण या वेळी तो थांबला. आठवडे नाही, महिने. रोज थोडा व्यायाम, थोडा सराव, पुन्हा थोडा जास्त. आणि २५ ऑक्टोबर २००५ ला तो परतला, पुन्हा नागपूरलाच! श्रीलंकेविरुद्धच्या त्या एकदिवसीय सामन्यात त्याने ९३ धावा केल्या. डिसेंबरात दिल्लीला ३५ वं कसोटी शतक झळकलं आणि विक्रम त्याच्या एकट्याचा झाला. त्यानंतर तो आणखी ८ वर्षं खेळला.

सात हजार पानं

आता नागपूरहून खाली दक्षिणेला उतरू, पुन्हा मोहर्लीच्या बाजूला. सचिनही ताडोबात वाघ पाहायला येऊन गेला आहे बरं का! मात्र या भागातल्या घरांत कोपर दुखलं, तर बातमी येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुलं वेचायची असतात. मग भर उन्हाळ्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात धानाची रोवणी, पुढे कापणी. तेंदूच्या पानांचा एक पुडा बांधतात ७० पानांचा. समजा घरच्यांनी मिळून १०० पुडे केले, तर गणित करा: सात हजार पानं! प्रत्येक पान बोटांच्या चिमटीत धरायचं, मनगटाला झटका देऊन खुडायचं, जुळवायचं, बांधायचं. पंजा उचलण्याचा आपला प्रयोग आठवा. तोच दोर, दिवसभर.

आणि हा हंगाम असतो थोड्याच दिवसांचा. सचिनला सामना सोडता आला. आईने पानं सोडली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. मग ती काय करते? पदर घट्ट बांधते, तेल चोळते आणि म्हणते, “काही नाही रे, होईल बरं.” मुलांनो, मोठी माणसं दुखणं लपवण्यात फार हुशार असतात. तुम्ही मात्र लक्ष ठेवा. आई तांब्या उचलताना हात बदलते का? पिळलेल्या लुगड्यातून पाणी गळत राहतं का? बाबा खुर्ची उचलताना तोंड वाकडं करतात का? उत्तर ‘हो’ असेल, तर पुढचा भाग त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

काय करावं, काय करू नये

पहिली गोष्ट, दुखत असताना तेच काम तसंच रेटत राहणं म्हणजे शौर्य नव्हे. झिजलेल्या दोरीने विहिरीतून घागर ओढत राहिलं, तर काय होईल?

दुसरी गोष्ट, हात गळ्यात बांधून महिनाभर बसणं हेही औषध नव्हे. कंडरेला अजिबात काम दिलं नाही, तर ती आणखी दुबळी होते. तिला हवं असतं बेताचं काम.

काम थांबवता येत नसेल, तर निदान बदलता येतं. एकाने खुडायचं, दुसऱ्याने पुडे बांधायचे, आणि काही वेळाने अदलाबदल. दोन्ही हात आलटूनपालटून वापरायचे, पण रामाझ्झिनींचा लेखनिक आठवून अधूनमधून दोन्ही हातांना विसावा द्यायचा. ओझं उचलताना तळहात वर आणि कोपर अंगाजवळ. पालथ्या पंजाने लांबून उचललेली हलकी वस्तूसुद्धा कोपराला जड पडते. धुणं पिळायला दोघं धरा. एक टोक आईकडे, एक तुमच्याकडे. हे काम तर तुम्ही आजपासून करू शकता!

कळ जास्त असेल, तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं शेकल्याने बरं वाटतं. बर्फ नसेल, तर माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं चालेल. दुखऱ्या जागी जोरजोरात रगडू नका. चटके तर मुळीच देऊ नका. त्याने कातडी भाजते, कंडरा जशीच्या तशी राहते.

दुखणं दोन-तीन आठवड्यांत हटलं नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. डॉक्टर तपासून व्यायाम सांगतात. साधारण असा: हात टेबलावर पालथा, पंजा कडेबाहेर, मुठीत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने पंजा वर न्यायचा आणि पाच अंक मोजत सावकाश खाली सोडायचा. जादू या सावकाश सोडण्यात आहे! कंडरा त्यानेच हळूहळू बळकट होते. मात्र किती वेळा करायचं आणि कधी वाढवायचं, ते डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी ठरवायचं.

“एक सुई मारून घेतली की झालं,” असं कुणी सांगेल. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं आणि २००६ साली निष्कर्ष छापले. स्टेरॉइडची सुई घेतलेले रोगी दीड महिन्यात सगळ्यांत बरे दिसत होते. पण वर्षअखेर तेच मागे पडले! व्यायाम केलेले आणि नुसता काम सांभाळून धीर धरलेले, दोघेही त्यांच्या पुढे होते. बहुतेकांचं हे दुखणं साधारण वर्षभरात बरं होतं. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

आणि तुमचं कोपर?

मुलांनो, तुमचं कोपर दुखलं, तर मात्र “टेनिस एल्बो झाला” असं परस्पर ठरवू नका. तुमची हाडं अजून वाढताहेत. वाढत्या हाडाच्या टोकाला कुर्चेचा मऊ थर असतो, आणि तो कंडरेपेक्षा नाजूक असतो. सुट्टीत रोज तासन्‌तास वेगाने गोलंदाजी केली किंवा लांबून चेंडू फेकले, तर त्या थरालाच इजा होऊ शकते, विशेषतः कोपराच्या आतल्या बाजूला. म्हणून चेंडू टाकताना दुखलं की थांबायचं आणि घरी सांगायचं. सांगितलं तर खेळायला पाठवणार नाहीत, ही भीती आम्हाला माहीत आहे! पण आज आठ दिवस बाहेर बसणं परवडतं. लपवलेलं दुखणं अख्खा मोसम खातं. बॅट आपल्या ताकदीची घ्या. दादाची बॅट दादालाच शोभते.

परीक्षेच्या दिवसांत पेन इतकं घट्ट धरू नका, की नखं पांढरी पडतील. अर्धा तास लिहिलं, की पेन खाली ठेवा, मूठ उघडा-मिटा, मनगट सैल सोडा. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. आणि हात सुजला, सुन्न पडला, मुंग्या येत राहिल्या किंवा कोपर सरळच होईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आई-बाबांनाही एक विनंती. मूल “हात दुखतो” म्हणालं, की “अभ्यास टाळायला निमित्त” असं लगेच म्हणू नका. आधी हात बघा, मग निमित्त बघा. आणि स्वतःचं कोपर दुखत असेल, तर तेही मुलांपासून लपवू नका. दुखणं वेळेवर सांगायचं असतं, हे मुलं तुमच्याकडे पाहूनच शिकतील.

चला तर, संध्याकाळी धुणं वाळत घालताना एक टोक तुम्ही धरा. आणि पिळता पिळता आईला हळूच विचारा, “हात दुखतोय का गं?”