पाहुण्याची भेट

आमचा पुतण्या इंग्लंडात बालरोगतज्ज्ञ आहे. चार वर्षांपूर्वी दिवाळीला आला, तेव्हा गावच्या दवाखान्याला त्याने एक वॉर्मर भेट दिला – जन्मलेल्या बाळाला ऊब देणारे यंत्र. नारळ फुटला, हारतुरे झाले, पेढे वाटले. गेल्या वर्षी मी तिथे सहज डोकावलो, तो यंत्रावर चादर आणि चादरीवर रजिस्टरांची चळत! आतला एक भाग जळला होता. तो कुठे मिळतो हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि यंत्र चालवायला शिकलेली नर्स बदलून गेली होती.

पुतण्याला कळवले. तो म्हणाला, "काका, चूक माझीच. मी वस्तू दिली, माणसे तयार केली नाहीत."

मला गडचिरोली आठवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, १९८४ साली परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत गेले. बरोबर आणली ती मोजमापाची, संशोधनाची रीत. गावातल्याच बायकांना त्यांनी शिकवले : बाळाचे वजन करावे, त्याला उबेत ठेवावे, श्वास अडला तर काय करावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'ने तो निबंध छापला. २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळांना तपासू लागल्या. त्याआधी १९७० मध्ये आरोळे दांपत्य असेच अमेरिकेतून जामखेडला आले होते. त्यांच्याही कामाचा कणा गावच्या बायकाच!

सगळेच परततील असे नाही. घर, मुलांच्या शाळा, नोकरी – मुळे तिकडे रुजलेली असतात. त्यांना दोष देऊन काय साधणार?

यंदा पुतण्या आला तो खोके न घेता. आधी डॉक्टरीणबाईंना विचारले, "तुमची अडचण काय?" मग पंधरा दिवस सहा नर्सांना शिकवले. तालुक्याच्या गावचा एक मेकॅनिक गाठून वॉर्मर दुरुस्त करून घेतला. आता दर गुरुवारी रात्री तो मोबाइलवर त्यांच्या शंका ऐकतो.

परवा एक नर्सबाई भेटल्या. म्हणाल्या, "काका, सव्वा किलोचं बाळ होतं. काल घरी गेलं."

या भेटीचे पेढे मात्र मी स्वतः वाटले.