कारखान्यातला बोलका डबा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, ऐकणाऱ्यांनी शहाणे होऊन घरी जावे, अशी रीत आहे. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे सारे कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि रात्री मागून आणलेल्या पुस्तकांत झाले. तेव्हा मी कामगार चळवळीच्या आठवणी सांगेन, अशी आपली अपेक्षा असेल. पण मी आज एका डब्याविषयी बोलणार आहे.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आसनगावच्या बाजूच्या एखाद्या कारखान्यात आपला मुलगा किंवा पुतण्या कामाला असेल, तर त्याला विचारा. मशीनजवळच्या पत्र्याच्या कपाटात, तारांच्या गुंत्यात, जेवणाच्या डब्याएवढी एक वस्तू बसवलेली असते. तिच्यावर दोन-चार हिरवे-तांबडे दिवे लुकलुकतात. कोणी तिला पीएलसी म्हणतो, कोणी कंट्रोलर, कोणी नुसतेच पॅनेल. मशीन कसे चालवायचे हे ती ठरवते आणि मशीन कसे चालले हे ती दूरवर कळवते. यातले पहिले काम सर्वांना दिसते. दुसरे दिसत नाही, आणि कामगाराच्या पोटाशी गाठ आहे ती या दुसऱ्या कामाची.

आधी पहिले काम समजून घेऊ. त्यासाठी कारखान्यात जाण्याची जरूर नाही. आपल्या मुरबाड-बदलापूरच्या बाजूचे बारवी धरण सर्वांना ठाऊक आहे. औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणातून कारखान्यांना आणि आसपासच्या शहरांना पाणी जाते. पावसाळ्यात पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की त्याचे दरवाजे आपोआप उघडतात. म्हणजे येथे तीन गोष्टी घडतात: पाण्याची पातळी जोखली जाते, ती ठरलेल्या खुणेशी ताडली जाते आणि त्याप्रमाणे कृती होते. जोखणे, ताडणे, करणे. जगातले कोणतेही स्वयंचलित यंत्र घ्या, त्याच्या पोटात हीच तीन कामे असतात.

डबाही हेच करतो. त्याच्या एका अंगाला येणाऱ्या तारा असतात. भट्टीचे तापमान, टाकीतली पातळी, नळातला दाब, झाकण बंद आहे की उघडे, अशा खबरा त्या आणतात. दुसऱ्या अंगाला जाणाऱ्या तारा असतात. त्या मोटर चालू करतात, झडप मिटतात, भोंगा वाजवतात. मधे एक चिमुकला संगणक असतो. त्याला पडदा नाही, टंकपाटी नाही. एकच काम शिकवून त्याला त्या कपाटात कायमचा बसवून दिलेला असतो. वीज गेली तरी तो शिकवलेले विसरत नाही. सर्व खबरा घ्यायच्या, हिशेब करायचा, हुकूम सोडायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. ही एक फेरी बहुधा सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पुरी होते. त्याच्यावर एक पहारेकरीही नेमलेला असतो. फेरी ठरल्या वेळात पुरी झाली नाही, तर डबा बिघडला असे समजून तो त्याला थांबवतो किंवा पुन्हा सुरू करतो.

खबर आणणाऱ्या तारेची एक युक्ती मला फार आवडते. समजा, भट्टीचे तापमान शून्यापासून शंभर अंशांपर्यंत मोजायचे आहे. मग शून्य अंशाला तारेतून शून्य वीज सोडावी, असे आपल्याला वाटेल. तसे करीत नाहीत. शून्य अंशाला ४ मिलिअँपिअर, पन्नासला १२ आणि शंभरला २० मिलिअँपिअर असे माप धरतात. असे का? तर तार तुटली की प्रवाह शून्यावर येतो, आणि डब्याला तत्काळ उमगते की ही थंडी नव्हे, ही तुटलेली तार आहे. ‘सर्व ठीक आहे’ हे एक आणि ‘बोलणाराच गप्प झाला आहे’ हे दुसरे. हा भेद ज्याने तारेत घातला त्याला मी मनातून नमस्कार करतो. माणसांच्या संस्थांत हा भेद फार थोड्यांना कळतो. तक्रार आली नाही म्हणजे कामगार सुखी, असे मानणारे व्यवस्थापक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता थोडा इतिहास. पूर्वी हे काम रिले नावाच्या विजेच्या खटक्यांकडून करून घेत. मोठ्या कारखान्यात शेकडो खटके भिंतभर कपाटांत बसवलेले असत. उत्पादनात बदल झाला की साऱ्या तारा उसकटून पुन्हा जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या एका विभागाने या कटकटीला पर्याय मागितला. डिक मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मॉडिकॉन ०८४’ हे यंत्र तयार केले. त्यांचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून हे नाव. आता बदल करायचा तर तार नव्हे, शिकवण बदलली की झाले.

पुढे १९७९ साली मॉडिकॉननेच या डब्यांना आपापसांत बोलण्याची एक भाषा दिली. तिला मॉडबस म्हणतात आणि ती आजही चालते. तिची तऱ्हा शाळेतल्या हजेरीसारखी आहे. प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो. मुख्य यंत्र एकेकाला पुकारते: पाच नंबर, तापमान सांग, सहा नंबर, मोटर चालू का? ज्याला पुकारले त्यानेच उत्तर द्यायचे, इतरांनी गप्प बसायचे. दोन तारांच्या एकाच जोडीवर अशी बत्तीस यंत्रे, बाराशे मीटरपर्यंतच्या अंतरात, बोलू शकतात. त्यानंतर कचेरीतल्या संगणकांचे जाळे कारखान्यात आले. आता डबा त्या जाळ्याला थेट जोडला जातो आणि आपण होऊन बातमी धाडतो. मुरबाडमधले मशीन रात्री अडीच वाजता थांबले, तर मुंबईत किंवा परदेशात बसलेल्या साहेबाच्या फोनवर ते अडीच वाजताच कळते.

येथे जोखणे, ताडणे आणि करणे यांत चौथे काम मिळाले: सांगणे. आणि सांगणे आले की प्रश्न आला, कोणाला सांगणे?

शहापूरकरांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. तानसा, मोडकसागर, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आपल्या तालुक्यातली. पावसाळ्यात या तलावांत किती पाणी जमले याचा आकडा मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतो. इकडे एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट पाहत उभ्या असतात. तो आज येणार की उद्या, हे त्यांना कोणी सांगत नाही. माप आमच्या अंगणात घेतले जाते आणि त्याची खबर दुसऱ्याच्या घरी जाते.

कारखान्यात काय होते, याचा एक अनुभव सांगतो. आपल्याच भागातल्या एका कारखान्यात प्लास्टिकचे भाग बनवणारी मशीने आहेत. तेथे हे डबे बसवायचे ठरले तेव्हा मी फाटकसभा घेऊन कडाडून विरोध केला. ‘हा साहेबाचा हेर आहे, याला हात लावू नका, याच्याविषयी काही शिकू नका’, असे मी सभासदांना सांगितले. टाळ्या पडल्या. डबे बसायचे ते बसलेच.

वर्षभराने एक तरुण सभासद माझ्याकडे चार्जशीट घेऊन आला. रात्रपाळीत मशीन चाळीस मिनिटे बंद ठेवल्याचा त्याच्यावर आरोप होता. सोबत संगणकाने काढलेला कागद होता. त्यावर त्याचे नाव, मशीनचा नंबर आणि बंद पडल्याच्या वेळा मिनिटांसकट छापलेल्या होत्या. तो म्हणाला, “भाऊ, मी झोपलो नव्हतो. मशीनच थांबत होतं.” त्याचा शब्द एका बाजूला आणि यंत्राचा कागद दुसऱ्या बाजूला. चौकशी अधिकारी कागदावर विश्वास ठेवणार हे उघड होते.

त्या रात्री मला माझ्या भाषणाची लाज वाटली. कारण त्या कागदात काय आहे आणि काय नाही, हे विचारण्याइतकीही माहिती मला नव्हती. मग आयटीआय झालेल्या एका मुलाला गुरू केले आणि चार रविवार त्याच्यापुढे वही घेऊन बसलो. त्याने सांगितले, “भाऊ, डबा नुसतं ‘बंद’ एवढंच लिहीत नाही. का बंद, तेही लिहितो. यांनी छापताना तेवढा रकाना घेतला नाही.” चौकशीत आम्ही डब्यातली संपूर्ण नोंद मागितली. पुष्कळ घासाघीस झाल्यावर ती मिळाली. मशीन थांबले त्या प्रत्येक वेळेच्या आधी एकच इशारा नोंदलेला होता: तेल फार तापले. तेल थंड करणाऱ्या पाण्याचा पंप रात्रभर अधूनमधून बंद पडत होता, आणि मशीन स्वतःला वाचवण्यासाठी थांबत होते. पोराने काही केले नव्हते. चार्जशीट मागे घेतली गेली.

ज्याला मी हेर म्हणालो होतो तोच आमचा साक्षीदार निघाला. माझा विरोध यशस्वी झाला असता, तर त्या पोराला सोडवणारा पुरावाही नसता. वस्तुतः डबा कोणाच्याच बाजूचा नसतो. त्याच्या पोटातून कोणता रकाना बाहेर काढायचा, हे माणूस ठरवतो.

डबा नेहमी खरेच बोलतो, असे मात्र मी म्हणणार नाही. २०१० साली स्टक्सनेट नावाचा एक संगणकी किडा उघडकीस आला. इराणमधल्या नतान्झ येथे अणुइंधनाची चक्रे फिरवणाऱ्या नियंत्रकांत तो शिरला होता. चक्रे भलत्या वेगाने फिरवून तो मोडायचा, आणि पडद्यावर मात्र आधी टिपून ठेवलेले नेहमीचे आकडे दाखवायचा. पाहणाऱ्यांना सर्व आलबेल दिसत होते. म्हणून बाहेरच्या जाळ्याला डबा जोडताना मधे पक्के कुलूप असले पाहिजे, आणि पडद्याखेरीज मशीनचा आवाज, वास, कंप ओळखणारा माणूसही जागेवर असला पाहिजे.

दुसरी गोष्ट भोपाळची. १९८४ च्या डिसेंबरातल्या त्या रात्री टाकी तापल्याचा इशारा देणारी व्यवस्था कामात नव्हती, आणि टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने आधीच बंद करून ठेवलेली होती. गळतीची पहिली खबर कामगारांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी दिली. इशाऱ्याची यंत्रणा विकत घेणे निराळे आणि ती जिवंत ठेवणे निराळे. आजही उत्पादन अडते म्हणून झाकणाच्या खटक्यावर चिकटपट्टी लावून मशीन चालवलेले मी पाहिले आहे. तेथे डब्याला खोटे बोलायला आपणच शिकवतो, आणि त्याची किंमत बोटांनी मोजतो.

‘यामुळे माणसांची कामे जातील का?’ असे मला नेहमी विचारतात. काही जातील. तीन मशीनवर तीन माणसे होती तेथे एक राहील, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. प्रश्न नवा नाही. स्वयंचलनाविषयी सरकारने नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९७२ साली अहवाल दिला होता. १९८३ साली बँकांतल्या संघटनांनी संगणकाविषयी वाटाघाटी करून करार केला. यंत्र येणारच असेल तर ते कोणत्या अटींवर, हे बोलायला बसणे हा त्यातला धडा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती की, ज्या यंत्रसुधारणेने कामगार कमी होण्याचा संभव आहे तिची नोटीस एकवीस दिवस आधी द्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलाची नोटीस देण्याचे बंधन आहे. पण नोटीस वाचून कळली तर तिचा उपयोग. डबा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो एकवीस दिवसांत घोषणांखेरीज काय करणार?

म्हणून हल्ली मागणीपत्रात आम्ही चार कलमे घालतो. पहिले, मशीनची जी नोंद साहेबाला दिसते ती चालवणाऱ्या कामगारालाही दिसावी, आणि कारवाई करायची झाल्यास संपूर्ण नोंद द्यावी. दुसरे, संकटकाळी दाबायचे लाल बटण नेहमीच्या नियंत्रकाच्या शिकवणीवर अवलंबून नसावे; त्याने स्वतःच्या सुरक्षा-तारेने मशीनची शक्ती तोडावी. तिसरे, सुरक्षेचा कोणताही खटका कोणाच्याही हुकमाने चुकवला जाऊ नये. चौथे, ज्यांची कामे बदलतील त्यांना पगारी वेळेत हे नवे काम शिकवावे, आणि भरती करताना आपल्या तालुक्यातल्या आयटीआयच्या मुलामुलींचा आधी विचार व्हावा. चारही कलमे सर्वत्र मान्य झाली, असे सांगून मी आपल्याला फसवणार नाही. पहिल्या कलमावर सगळ्यांत जास्त वाद होतो, आणि यावरूनच ते किती मोलाचे आहे हे ध्यानात यावे.

तो तरुण आज त्याच कारखान्यात आहे. पाळी सुरू होताना तो मशीनच्या पडद्यावरचे इशारे वाचतो, खिशातल्या वहीत वेळेसह टिपून ठेवतो, आणि पाळी संपताना खाली सुपरवायझरची सही घेतो. त्याची वही मी मागवून घेतली आणि तिच्यावरून आमच्या सर्व सभासदांसाठी तशाच वह्या छापून घेतल्या. किंमत दहा रुपये. कोणाला हवी असल्यास व्याख्यान संपल्यावर दाराशी मिळेल.