मणका दुखावल्यानंतर : जिद्द, सराव आणि शास्त्र

'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा २०२४ साली आला आणि आपल्या घरातल्या तरुण मुलामुलींनी मुरलीकांत पेटकर हे नाव बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातले. सैन्यात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक पाठीच्या कण्यात. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पार केलं. भारताचं हे पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक! पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडलं.

सिनेमात जिद्द दिसते. तिच्या मागे एक शास्त्रही उभं असतं. ते घरोघरी माहीत हवं, कारण गाडीचा अपघात, गच्चीवरून पडणं, उथळ पाण्यात सूर मारणं, यांपैकी काहीही कोणाच्याही घरी घडू शकतं.

नेमकं काय होतं?

मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. मेंदूचे हुकूम खाली आणि शरीराच्या जाणिवा वर नेणारी ही तार. हाड मोडलं तर जुळतं, पण मज्जारज्जूतले तुटलेले तंतू आपणहून पुन्हा वाढत नाहीत. मानेपाशी इजा झाली तर हातपाय दोन्ही, त्याखाली झाली तर पाय जातात. शिवाय लघवी-शौचावरचा ताबा, त्वचेची जाणीव, घाम, रक्तदाब यांवरही परिणाम होतो. पाय हलत नाहीत हे सगळ्यांना दिसतं, बाकीचं फक्त घरच्यांना कळतं.

आधी जीव वाचवायला शिकलो

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा रुग्णांतले बहुतेक जण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी वेगळा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलायची, मूत्राशयाची काळजी घ्यायची आणि रुग्णाला लवकरात लवकर कामाला, खेळाला लावायचं, अशी त्यांची पद्धत. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथलं.

आजही पाया तोच आहे. खुर्चीत बसलेल्याने दर १५ ते ३० मिनिटांनी अंग उचलून किंवा एका बाजूला झुकून दाब हलका करायचा, रोज आरशात त्वचा तपासायची, ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं. ही कामं कंटाळवाणी वाटतात, पण आयुष्य याच कामांनी वाढतं.

नवं संशोधन काय सांगतं?

बऱ्याच जखमांत काही तंतू शाबूत राहतात. जखमेखालचं मज्जातंतूंचं जाळंही जिवंत असतं, फक्त त्याला वरून पुरेसा इशारा पोचत नाही. तिथे सौम्य वीजप्रवाह दिला तर ते जाळं जागं होतं आणि क्षीण इशाऱ्यालाही प्रतिसाद देतं. २००९ साली अमेरिकेत लुईव्हिल इथे एका तरुणाच्या पाठीत असं यंत्र बसवलं आणि तो स्वतःचं वजन पेलत उभा राहू शकला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे मेंदूतले इशारे टिपून ते थेट मज्जारज्जूपर्यंत पोचवणारी जोडणी झाली आणि एक रुग्ण कुबड्या घेऊन, स्वतःच्या इच्छेने चालू लागला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शस्त्रक्रिया न करता मानेवरच्या त्वचेतून वीजप्रवाह देण्यात आला. ६० जणांपैकी ७२ टक्के लोकांच्या हातांची ताकद आणि काम, दोन्ही सुधारलं.

या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. यंत्राच्या जोडीला महिनोन्‌महिने सराव होता. नुसतं यंत्र बसवून कोणी चाललेलं नाही. म्हणून 'बरं करणारं औषध येईल' या आशेवर आज फिजिओथेरपी सोडणं परवडणारं नाही. सांधे आखडले, जखमा झाल्या, तर उद्याच्या उपचाराचाही उपयोग होणार नाही. पैसे घेऊन खात्रीचा इलाज सांगणाऱ्यांपासूनही सावध राहायला हवं.

माणसाला माणूस लागतो

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तारुण्यात निकामी झाले. त्यांना उभारी दिली ती स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी. पुढे १९८४ साली नसीमाताईंनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र घरात असावं असंच आहे. या वाटेवरून आधी गेलेला माणूस भेटला की डॉक्टरांचा सल्लाही लवकर पटतो.

आपण काय करू शकतो?

अपघातग्रस्ताला हातपाय धरून उचलू नका, रिक्षात कोंबू नका. मान-पाठ सरळ, स्थिर ठेवा आणि १०८ला फोन करा. पावसाळी सहलीत अनोळखी पाण्यात डोक्यावर सूर मारू नका. दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावं.

भोपाळमध्ये एम्स आहे, तसंच खजुरी कलां रस्त्यावर पुनर्वास भवनात केंद्र सरकारचं सीआरसी आहे. अपंग व्यक्तींचं पुनर्वसन हेच तिथलं काम. घरी आलेल्या रुग्णाला तिथवर नेणं हे नातेवाइकांचं पहिलं काम.

आणि एक आपल्या मंडळासाठी. गणेशोत्सवाच्या मांडवाला एक फूट उंचीला बारा फूट लांब, असा उतार करायला फार खर्च येत नाही. तो केला तर घरात बसून राहिलेला आपला एखादा दादा किंवा ताई आरतीला येईल, आणि पुढच्या वर्षी कदाचित कार्यक्रमाचं सूत्रसंचालनही करेल.