पियानोवादकाचे दोन मार्ग

आपल्या वऱ्हाडांत पेटी ठाऊक नाहीं असें गांव विरळा. भजनांत, कीर्तनांत, नाटकांत, आणि ख्रिस्ती देवळांत रेव्हरंड टिळकांचीं पदें गातांनाहि तिचीच साथ असते. पियानो मात्र अकोल्यास काय किंवा अमरावतीस काय, क्वचितच दृष्टीस पडतो. आणि तो वाजविणें हाच ज्याचा जन्माचा व्यवसाय, अशा मनुष्याची गांठ त्याहूनहि क्वचित पडते. म्हणून हा व्यवसाय कसा असतो, त्याला विद्या किती लागते, आणि त्यावर पोट भरतें काय, असे प्रश्न संगीताची आवड असलेल्या मुलांच्या व त्यांच्या आईबापांच्या मनांत उभे राहतात. त्यांचा यथामति विचार करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वाद्याविषयीं. पेटींत भात्याच्या हवेनें पितळेच्या जिभा कंप पावतात. म्हणून पट्टी दाबून धरली कीं स्वर हवा तितका वेळ टिकतो. पियानोच्या ८८ पट्ट्यांची गोष्ट निराळी. पट्टी दाबतांच आंतील लोंकरी नमद्यानें मढविलेली लांकडी हातोडी तारेवर आपटून तत्काळ मागें फिरते. बोट हलकें पडलें तर स्वर मृदु, जोरानें पडलें तर प्रखर. ही युक्ति इटलींतील क्रिस्तोफोरि नांवाच्या कारागिरानें इ. स. १७०० च्या सुमारास साधली. 'मृदु' व 'प्रखर' या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच या वाद्याचें नांव पडलें आहे. परंतु एकदां निघालेला स्वर क्षणोक्षणीं विरत जातो. त्याला भात्यानें पोसतां येत नाहीं. अशा विरणाऱ्या स्वरांतून सलग गाणें उभें करणें, आणि दोन हातांनीं दोन निराळ्या गोष्टी एकाच वेळीं सांगणें, ही पियानोवादकाची पहिली विद्या होय.

या विद्येचे दोन मार्ग आहेत. पहिला पाश्चात्य शास्त्रीय संगीताचा. तेथें रचनाकार प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो. बेथोव्हेन १८२७ सालीं वारला. परंतु त्याच्या ३२ पियानो-सोनाटांतील स्वर आजहि त्यानें लिहिले तसेच वाजवावे लागतात. मग वादकाचें स्वतःचें असें काय उरतें? एकच उतारा दोन उत्तम वाचकांनीं वाचला असतां शब्द तेच असूनहि अर्थाची छटा निराळी उमटते. वादकाचें स्वातंत्र्य या जातीचें असतें.

दुसरा मार्ग जाझचा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं कृष्णवर्णीय लोकांत हें संगीत उदयास आलें. यांत मूळ चाल व तिच्या स्वरसंगतीचा क्रम ठरलेला असतो. त्याच्या आधारावर वादक जागच्या जागीं नवी रचना करीत जातो. आपल्या कीर्तनकाराची रीत याहून फारशी निराळी नाहीं. निरूपणाचा अभंग ठरलेला असतो. परंतु दृष्टान्त कोणता घ्यावा व विस्तार कोठवर करावा, हें तो पुढें बसलेल्या मंडळीकडे पाहून ठरवितो. कीर्तनकारास पाठांतर नसेल तर निरूपण पोकळ होतें. जाझवादकाचेंहि तसेंच आहे. सुचण्याच्या मागें साठा लागतो.

हे दोन्ही मार्ग एका मनुष्यास चालतां येतात काय? व्हिएन्ना येथील फ्रीड्रिख गुल्डा (१९३०-२०००) यांनीं १९४६ सालीं, अवघ्या सोळाव्या वर्षीं, जिनीव्हा येथील स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळविलें. पुढें त्यांनीं बेथोव्हेनच्या सर्व सोनाटा ध्वनिमुद्रित केल्या; आणि तेच गुल्डा १९५६ सालीं न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' या प्रसिद्ध जाझगृहांत आपला वाद्यवृंद घेऊन बसले.

आपल्या देशाशीं संबंध असलेलें उदाहरण टेडी वेदरफर्ड यांचें. ते १९०३ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत एका कृष्णवर्णीय कुटुंबांत जन्मले. शिकागो येथें मूकपटांना साथ देणाऱ्या अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदांत ते पियानो वाजवीत. तेथें शास्त्रीय रचना व जाझ हीं दोन्ही वाजवावीं लागत. त्या काळीं अमेरिकेंतील अनेक हॉटेलांत अशा कलावंतास वादक म्हणून प्रवेश असे, पाहुणा म्हणून नसे. १९२६ सालीं वेदरफर्ड यांनीं आशियाची वाट धरली. शांघायनंतर १९३६ च्या सुमारास ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलांत त्यांचा वाद्यवृंद गाजला. तेथेंच १९४५ च्या एप्रिलांत पटकीनें त्यांचा अंत झाला. वय अवघें ४१ वर्षांचें होतें.

तथापि त्यांची विद्या येथें रुजली. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलेखन वाचण्यास शिकवीत. तेथून आलेल्या तरुणांनीं या परदेशी वादकांपासून जाझ उचलला. पुढें मुंबई इलाख्यांत १९४९ च्या कायद्यानें दारूबंदी होऊन हॉटेलांतील वाद्यवृंद ओसरूं लागले, तेव्हां अनेकांना चित्रपटसंगीतानें आधार दिला. त्यांतील 'चिक चॉकलेट' या नांवानें प्रसिद्ध असलेले गोमंतकीय ट्रंपेटवादक आंतोनियु वाझ हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरहि दिसतो. वेदरफर्ड यांच्या कलकत्त्याच्या वाद्यवृंदांत जॉर्ज बँक्स हे नेपाळी ट्रंपेटवादक होते. त्यांचे चिरंजीव, १९४१ सालीं दार्जिलिंग येथें जन्मलेले लुई बँक्स, हे पुढें मुंबईस येऊन हिंदुस्थानांतील अग्रगण्य जाझ पियानोवादक ठरले. भीमसेन जोशी यांच्या स्वरानें आरंभ होणारें राष्ट्रीय एकात्मतेचें जें गीत १९८८ सालीं दूरदर्शननें घरोघर पोंचविलें, त्याच्या संगीतयोजनेंत अशोक पत्की यांच्याप्रमाणेंच त्यांचाहि हात होता.

या चरित्रांवरून आईबापांच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. केवळ व्यासपीठावर एकट्यानें वाजवून निर्वाह करणारे वादक जगांत थोडेच. बाकीचे साथ करतात, ध्वनिमुद्रणांत वाजवितात, चर्चमध्यें वाजवितात, शिकवितात. यांत कमीपणा कांहींच नाहीं. वेदरफर्ड यांची कलाहि मूकपटांच्या साथींतच घडली. मात्र ज्याला लिहिलेलें वाचतां येतें व न लिहिलेलें सुचतें, त्याला कामाचीं दारें अधिक उघडीं राहतात.

आरंभ घरच्या पेटीवरहि करतां येईल. एका हातानें पट्ट्या व दुसऱ्यानें भाता, असें असल्यामुळें डाव्या हाताचें शिक्षण तेथें होत नाहीं; परंतु कान तयार होतो. पुढें पाश्चात्य स्वरलेखन शिकावें. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या व असोसिएटेड बोर्डाच्या आठ श्रेणींच्या परीक्षा हिंदुस्थानांतहि होतात; त्यांपैकीं एकीची कांस धरल्यास अभ्यासास शिस्त लागते. परंतु प्रमाणपत्र म्हणजे विद्या नव्हे. आठवड्यांतून एक दिवस पांच तास बसण्यापेक्षां रोजचा एक तास अधिक फळ देतो. मुलानें असा एक वर्षभर खंड न पाडतां रियाझ केला, तर त्याची आवड खरी कीं हौस, हें आईबापांस कोणास विचारण्याचें कारण उरणार नाहीं.