तोंडी परीक्षेत मी नेमकं काय मोजत होते?



नेट आणि पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना एक अडचण येते. विश्वासार्हता आणि वैधता यांच्या व्याख्या पाठ असतात, पण फरक सांगा म्हटलं की गाडी अडते. माझंही तसंच होतं. हा फरक मला कळला तो प्रयोगशाळेत नाही, तर रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात. आज तेच सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझी पीएचडी मातीतल्या नत्रावर आहे. सुट्टीत आणि बहुतेक रविवारी मी गावी असते, श्रीरामपूर तालुक्यात. तिथे मिस्सा झाल्यावर तासभर मी मुलांना कॅथलिक धर्मशिक्षण देते. हे काम करणाऱ्याला कॅटेकिस्ट म्हणतात. आम्हाला पगार नाही, स्वयंसेवक आहोत. प्रार्थना, दहा आज्ञा, बायबलमधल्या गोष्टी शिकवायच्या. पण सगळ्यात जबाबदारीचं काम म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पहिल्या कम्युनियनसाठी तयार करणं. कॅथलिक श्रद्धेप्रमाणे मिस्सामध्ये भाकर ख्रिस्ताचं शरीर होते, आणि मूल ते पहिल्यांदा स्वीकारतं तो हा दिवस. घरात नवे कपडे, पाहुणे, जेवण, सगळं असतं.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, ही परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेझुइट धर्मगुरू राहुरीजवळच्या केंदळ, वळण भागात आले. पुढे संगमनेर, राहाता असं काम पसरलं. गावं खूप आणि फादर मोजके. मग अनेक ठिकाणी शाळेचे मास्तरच मुलांना प्रार्थना शिकवायचे. पुस्तक सगळ्यांना वाचता येत नसे, म्हणून पद्धत प्रश्नोत्तरांची: मास्तर विचारणार, मुलं एका सुरात उत्तर देणार. मीही तशीच शिकले, आणि तशीच शिकवत होते.

आता मूळ गोष्ट. दोन वर्षांपूर्वी वर्गात १४ मुलं होती. शेवटी २० प्रश्नांची तोंडी परीक्षा घ्यायची आणि १२ उत्तरं बरोबर आली तर नाव फादरांकडे पाठवायचं, असं मी ठरवलं. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून सोबतच्या ताईंनी आणि मी वेगवेगळे गुण दिले. १३ मुलांचे गुण तंतोतंत जुळले, एकाच्या गुणांत फक्त एकाचा फरक. मी खूश! याला म्हणतात विश्वासार्हता: कुणीही मोजा, पुन्हा मोजा, आकडा तोच.

एक मुलगी २० पैकी २०. एक मुलगा २० पैकी ५. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर चार महिने तो त्यांच्याबरोबर कोपीवर होता, परत आला तेव्हा निम्मा अभ्यासक्रम उलटून गेला होता. मी त्याला सांगितलं, "तू पुढच्या वर्षी." तो काही बोलला नाही. बाहेर त्याची आजी उभी होती, तीही काही बोलली नाही. नातवाच्या कपड्यांसाठी तिने पैसे बाजूला ठेवले होते, हे मला नंतर कळलं.

त्या रात्री झोप लागेना. चर्चचा नियम नेमका काय म्हणतो ते बघावं म्हणून शोधलं. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं. एक मुख्य अट अशी, की मुलाला ही भाकर आणि रोजची भाकर यातला फरक कळावा. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतलं ९१३ वं कलमही मुलाच्या कुवतीप्रमाणे समज आणि नीट तयारी मागतं. २० पैकी १२ कुठेही नाही. तो आकडा माझा होता.

पुढच्या रविवारी मी एकेकाला बाजूला बसवून एकच प्रश्न विचारला: "घरची भाकर आणि वेदीवरची भाकर, यात काय फरक?" वीसपैकी वीसवाली मुलगी गोंधळली. मग म्हणाली, "ताई, हा प्रश्न पुस्तकात नव्हता." तो मुलगा म्हणाला, "ती भाकर नाय ना ताई. येशू हाये त्यो. म्हणून तर आजी सकाळपासून चहा पण घेत नाय."

आता बघा. मला मोजायची होती समज. मी मोजत होते पाठांतर. त्यातही प्रश्न छापील मराठीत, त्यामुळे पुस्तकी भाषेची सवयही मोजली जात होती. आणि सगळ्यात जास्त मोजली जात होती हजेरी, म्हणजे पर्यायाने कुणाचे आईवडील ऊसतोडीला जातात हे. जे मोजतोय असं आपण म्हणतो तेच खरंच मोजलं जातंय का, या प्रश्नाचं नाव वैधता. माझी परीक्षा विश्वासार्ह होती, वैध नव्हती. दोन परीक्षकांचे गुण जुळले म्हणजे दोघी बरोबर असं नाही. दोघी एकच चूक करत होतो.

गंमत म्हणजे माझ्या विषयात हे मला रोज दिसतं. मातीतलं एकूण नत्र भरपूर असलं तरी त्यातलं बहुतेक सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं. पिकाला मिळतं ते उपलब्ध नत्र. एकूण मोजून "पिकाला पुरेसं आहे" म्हणणारा विद्यार्थी मार्गदर्शकांची बोलणी खातो. मुलांच्या बाबतीत मी तेच केलं.

पण म्हणून पाठांतर वाईट, असं लिहून टाकू नका. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये आलं. त्याच्या सुरुवातीलाच रविवारचा प्रसंग आहे: देवळात मुलं धर्मशिक्षणाचा पाठ म्हणतायत, आणि ऐकणाऱ्यांपैकी एक जण म्हणतो, आमच्यासाठी एखादं पुराणही असावं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही पाठ चालू होता, आणि पाठाने भूक भागत नाही हेही लोक सांगत होते. अक्षरओळख नसलेली आजी अख्खी जपमाळ म्हणते ती पाठांतरावरच. पाठांतर हे एक मोजमाप आहे. त्याला समजेचं नाव देऊ नका, एवढंच.

आणि माझा नवा प्रश्न तरी निर्दोष होता का? नाही. प्रश्न एकच, आणि त्या मुलाने पास व्हावं असं मला आतून वाटत होतं. मन कुणाकडे झुकलंय हे मोजणाऱ्यालाही कळत नाही. म्हणून आता आम्ही तीन गोष्टी करतो. मूल आपल्या शब्दांत सांगतं, चित्र काढतं, आणि मिस्साच्या वेळी कसं वागतं ते बघतो. मुलांना शिकवते मी, पण ऐकतात दुसऱ्या ताई. ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी परत आल्यावर वेगळे चार तास. निर्णय आईवडील आणि फादर मिळून घेतात. आम्ही फक्त काय दिसलं ते सांगतो.

त्या वर्षी मी फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलाशी दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि त्याचं नाव यादीत घातलं. त्या मुलीबरोबर मी आणखी तीन रविवार बसले. मे महिन्यात दोघं एकाच रांगेत होते.

तुमच्यासाठी गृहपाठ: संशोधन आराखडा लिहिताना वहीत दोन ओळी लिहा. पहिली, "मी ज्याबद्दल दावा करणार आहे ते..." दुसरी, "मी प्रत्यक्षात मोजणार आहे ते..." दोन्ही ओळींत अंतर दिसलं, तर नमुना गोळा करायच्या आधी थांबा. आणि त्या अंतरामुळे यादीतून कोण गळतंय, तेही बघा. तुमच्या दोन ओळी खाली लिहा, मी वाचून उत्तर देईन.