लेक ‘नॅशनल’ला निघाली, पण कुठल्या?

मागच्या बैठकीत एका ताईने गटाकडे कर्ज मागितलं. लेकीची बेसबॉलच्या ‘नॅशनल’साठी निवड झालीय, पैसे आठ दिवसांत भरायचेत म्हणाली. मी विचारलं, "ती जिल्ह्याला कधी खेळली?" ताई गप्पच.

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. आपल्या अलोऱ्याच्या मुली कबड्डीत आधी चिपळूण तालुक्याला खेळतात. जिंकल्या तर रत्नागिरी जिल्ह्याला, मग कोल्हापूर विभागाला. असे आठ विभाग राज्य स्पर्धेत भिडतात आणि तिथून महाराष्ट्राचा संघ निवडतात. बेसबॉल खेळणाऱ्या शाळाच थोड्या, त्यामुळे तो थेट जिल्ह्यापासून सुरू होतो. खेळाच्या संघटनांच्या स्पर्धा वेगळ्या, पण तिथेही जिल्ह्याची निवड चाचणी असते.

खासगी स्पर्धेला ‘नॅशनल’ नाव कोणीही देतं. हौसेने खेळायला हरकत नाही. मात्र सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते, तिथे असला कागद अडतो. म्हणून पैसे भरण्याआधी क्रीडाशिक्षकांना किंवा रत्नागिरीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.

ताईचं कर्ज आम्ही नाकारलं नाही. चौकशीचं उत्तर येईपर्यंत थांबवलंय. लेक रुसलीय जरा.